लँगम कसं बघायचं: स्कॉटलंडच्या सीमेवरच्या एका हट्टी गावाची ओळख

स्कॉटलंडला येणाऱ्या आपल्या लोकांचा प्लॅन ठरलेला असतो, एडिनबरा, मग गाडी भाड्याने घेऊन ग्लेनको, लॉक नेस, स्काय, येताना स्टर्लिंगचा किल्ला आणि एखादी व्हिस्की डिस्टिलरी, झालं पाच-सहा दिवसात. वाईट काही नाही त्यात, डोंगर आणि तळी मस्तच आहेत, पण इथली माणसं कशी आहेत ते यातून काही कळत नाही. ते कळायला एक अख्खा दिवस एखाद्या छोट्या गावाला द्यावा लागतो. आता तो कसा द्यायचा हे सांगायला मी लँगम घेतेय. एकतर हे गाव दिसायला काही फार भारी नाही, त्यामुळे चार फोटो काढून पळता येत नाही, थांबावंच लागतं. आणि दुसरं म्हणजे सव्वादोन हजार वस्तीच्या या गावाचा आपल्याशी, म्हणजे पेशवाई बुडाली तिथपासून महाबळेश्वरच्या बाजारापर्यंत, अगदी थेट संबंध आहे आणि तो आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतो.

आधी उच्चार. स्पेलिंग बघून लँगहोम म्हणावंसं वाटतं पण तिथे सगळे लँगमच म्हणतात, आणि लाडाने 'मकल टून', म्हणजे मोठ्ठं गाव. आता हे मोठ्ठं कसं असं विचारायचं नाही, त्यांच्यासाठी आहे. गाव डम्फ्रीज अँड गॅलोवे भागात, एडिनबरा ते कार्लाइल जाणाऱ्या ए ७ रस्त्यावर, इंग्लंडची हद्द तिथून दहा-पंधरा किलोमीटर. रेल्वे नाही. होती, १८६४ मध्ये फाटा आला आणि बरोब्बर शंभर वर्षांनी प्रवासी गाड्या बंद झाल्या. त्यामुळे इंग्लंडकडून येणार असाल तर ट्रेनने कार्लाइल आणि तिथून एक्स ९५ बस, साधारण बत्तीस किलोमीटर. एडिनबराहून ट्रेनने गॅलाशील्स, मग हॉइकमार्गे बस, वेळ जास्त लागतो पण रस्ता फार सुंदर आहे, खिडकी पकडा. रविवारी जायचं असेल तर टाइमटेबल दोनदा बघा, या भागात बस चुकली म्हणजे चुकली, मग टॅक्सीवाला सांगेल तो आकडा.

जायच्या आधी घरी बसून थोडा अभ्यास करा, पैसे लागत नाहीत. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने जुने नकाशे फुकट ठेवलेत आणि जुना नकाशा व आजचा सॅटेलाइट फोटो शेजारी-शेजारी ठेवून बघता येतात. १७४७ ते १७५५ च्या दरम्यान लष्करासाठी काढलेला रॉयचा नकाशा आधी उघडा, मग एकोणिसाव्या शतकाच्या मधला ऑर्डनन्स सर्व्हेचा सहा इंची नकाशा. लँगममध्ये तीन नद्या भेटतात, एस्क, यूझ आणि वॉकप. पहिल्या नकाशात एस्कच्या पश्चिमेला नवं गाव नसणार, कारण ते ड्यूक ऑफ बक्लूने १७७८ च्या सुमाराला आखून वसवलं, दुसऱ्यात सरळ रेघांचे रस्ते असलेलं न्यू लँगम दिसेल. म्हणजे एका बाजूला हळूहळू वाढलेलं वाकडंतिकडं गाव आणि पुलापलीकडे मालकाने फूटपट्टी लावून आखलेलं गाव. हा फरक एकदा डोक्यात बसला की प्रत्यक्ष चालताना पायालाच कळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे स्टॅटिस्टिकल अकाउंट्स. १७९० च्या दशकात आणि परत १८३४ ते १८४५ मध्ये स्कॉटलंडच्या जवळजवळ प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, पाद्र्याने आपल्या गावाबद्दल सविस्तर लिहून दिलं, मेंढ्या किती, मजुरी काय, जळण कुठून येतं, शाळेची काय अवस्था, लोक दारू किती पितात (पाद्रीबुवा इथे जरा जास्त रंगात येतात). आपल्याकडच्या गॅझेटियरसारखंच, फक्त साहेबाच्या ऐवजी गावातल्याच माणसाने लिहिलेलं. सगळं वाचायची गरज नाही. जमीन, जळण आणि धंदा एवढे तीन भाग वाचा, राजाराण्यांचे सोडून दिले तरी चालतील.

आणि आता माझं खरं म्हणणं. स्कॉटलंडचं कुठलंही छोटं गाव बघताना पहिला प्रश्न किल्ला कुणी बांधला हा विचारूच नका, जमीन कुणाची होती आणि गावाला तिच्यावर काय हक्क होता हा विचारा. लँगमची अख्खी गोष्ट या एका प्रश्नात उलगडते.

सुरुवात अशी, की या भागातली जमीन नक्की कुणाची हे तीनशे वर्षं धड कुणालाच माहीत नव्हतं. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या मधल्या एका पट्ट्याला तर नावच 'डिबेटेबल लँड' होतं, म्हणजे वादग्रस्त जमीन, तिथे कुणाचाच कायदा चालत नसे. १५५२ मध्ये शेवटी मध्ये मातीचा बांध घालून वाटणी केली. अशा ठिकाणी पेरून काय करणार, कोणीतरी येऊन जाळणारच, मग लोकांनी गुरं ठेवली आणि गुरं चोरली. याच त्या बॉर्डर रीव्हर टोळ्या (रीव्हर म्हणजे लुटारू, नदी नव्हे). आर्मस्ट्राँग, इलियट, नोबल, ग्रॅहम अशी घराणी, रात्री घोड्यावरून जायचं, पलीकडची गुरं हाकून आणायची, पाठलाग झाला तर दलदलीत शिरायचं. यातला जॉनी आर्मस्ट्राँग इतका मोठा झाला की १५३० मध्ये राजा जेम्स पाचवा स्वतः फौज घेऊन आला आणि त्याला त्याच्या माणसांसकट झाडांना लटकवून गेला. लँगमच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर गिलनॉकी टॉवर आहे, तो आर्मस्ट्राँगांचा. गाडी असेल तर जरूर बघा, भिंतींची जाडी बघितली की त्या काळातली झोप किती शांत असेल याचा अंदाज येतो.

त्याच्याही आधीची एक लढाई, १४५५ ची आर्किनहोम, लँगममध्येच झाली आणि तिच्यात ब्लॅक डग्लस घराणं संपलं, पण तिचं बघायला काही शिल्लक नाही, त्यामुळे पुढे जाऊ.

१६२१ मध्ये लँगमला बरोनीचा दर्जा मिळाला, म्हणजे बाजार भरवायचा, जत्रा भरवायची परवानगी. पुढे आजूबाजूची बहुतेक जमीन बक्लू घराण्याकडे गेली. गावाकडे उरलं काय, तर थोडं गायरान आणि पीट काढायची दलदलीची जमीन. पीट म्हणजे दलदलीतली काळी माती, कापून वाळवून जळण म्हणून वापरतात. अठराव्या शतकात या गायरानाच्या वाटणीवरून भांडण लागलं आणि प्रकरण एडिनबराच्या कोर्टात गेलं. १७५९ मध्ये निकाल लागला की बाबांनो, अमुक जमीन गावाची, तिच्या हद्दीवर दगडांचे ढीग रचा, खड्डे खणा, आणि दरवर्षी कोणीतरी फिरून ते शाबूत आहेत ना बघा. गावाने ढोल बडवणाऱ्या एका माणसाला पैसे देऊन हद्द फिरायला लावलं, तो चालत फिरायचा, घोडे नंतर आले.

हेच ते लँगमचं कॉमन रायडिंग. जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी, आजही. बॉर्डर्समधल्या बहुतेक गावांत असं काहीतरी असतं, पण हॉइकचं किंवा सेल्कर्कचं बघाल तर तिथे फ्लॉडनची लढाई, शत्रूचा झेंडा, हुतात्मे असं सगळं वीररसाचं आहे. लँगमवाले मात्र एका दिवाणी दाव्याच्या निकालाची मिरवणूक काढतात! मला हे गाव आवडायला लागलं ते इथूनच. बांधावरून भांडणं आपल्याला काय नवीन नाहीत, पण निकालाची अडीचशेपेक्षा जास्त वर्षं वरात काढणं म्हणजे कमाल आहे.

मिरवणूक बघायला मिळाली तर घोड्यांकडे कमी आणि काठ्यांवर काय बांधलंय तिकडे जास्त लक्ष द्या. चार गोष्टी असतात. एका लाकडी ताटलीवर जवाची जाड भाकरी, तिच्यावर खारवलेला हेरिंग मासा, आणि दोन्ही मिळून एक भलामोठा खिळा ठोकून ताटलीला पक्के केलेले. अगदी शब्दशः ठोकलेले, खिळ्याचं डोकं माशाच्या पोटातून वर आलेलं दिसतं, आणि ही ताटली उंच काठीवर बसवून गावभर फिरवतात. दुसरं म्हणजे माणसापेक्षा उंच वाढवलेलं काटेरी थिसल, तिसरं गुलाबांचा मुकुट, आणि चौथं कुदळ-फावड्यासारखं अवजार, हद्दीवरची माती उकरायचं. भाकरी आणि मासा हे गावच्या जुन्या हक्कांचं चिन्ह मानतात. फावड्याचा अर्थ सांगायची गरजच नाही, खड्डे बुजले असतील तर परत खणा. पोरंटोरं हातात हीदरच्या काटक्यांचे झाडू घेऊन मागे चालतात आणि त्याबद्दल त्यांना नाणं मिळतं.

पहाटे पाचला बासरीवाल्यांचा बँड गावाला उठवतो, त्यामुळे आदल्या रात्री तिथे राहिलात तर अलार्म लावू नका. झेंडा ज्या तरुणाकडे असतो तो कॉर्नेट, दरवर्षी निवडलेला, आणि त्या वर्षीचे रंग कुठून ठरतात माहितीये, एप्समच्या डर्बीमध्ये जिंकलेल्या जॉकीच्या कपड्यांवरून. मग बाजारात एक माणूस घोड्याच्या पाठीवर उभा राहून, हो उभा राहून, गावच्या हक्कांचा आणि जत्रेचा पुकारा करतो, जुन्या स्कॉट्स बोलीत. निम्मं कळत नाही, कळलं नाही तरी चालतं, ज्यांना कळतं ते हसतात तेव्हा हसायचं. मग सगळे घोडे कर्क विंड नावाच्या अरुंद खड्या बोळातून वर डोंगराकडे सुसाट. उभं राहायला जागा पकडायची तर इथेच पकडा, पण भिंतीला चिकटून, आणि लहान मुलं असतील तर खालच्या चौकातच थांबा, हा सल्ला गंमत म्हणून देत नाहीये. वर डोंगरावर परत पुकारा होतो आणि भाकरी, खारा मासा, व्हिस्की असा बेत असतो. दुपारी कासलहोमच्या मैदानावर घोड्यांच्या शर्यती, कुस्त्या वगैरे.

रायडिंगच्या दिवशी नाही जाता आलं तर काही बिघडत नाही, एरवी गाव शांतपणे बघता येतं. सुरुवात किलनग्रीनपासून करा, यूझ जिथे एस्कला मिळते तिथली मोकळी हिरवळ, ती गावाच्या सामायिक जमिनीपैकीच. पलीकडे जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, फार अपेक्षा ठेवू नका. मग हाय स्ट्रीटने बाजारात या, दगडी करडी घरं, टाउन हॉल, आणि मग कर्क विंड चढून बघा, घोडे कसे जात असतील ते धाप लागल्यावर समजतं.

तिथून खाली येऊन एस्कवरच्या दगडी पुलावर जा. या पुलाच्या बांधकामावर एक तरुण गवंडी काम करत होता, त्याचं नाव थॉमस टेलफर्ड. जन्म १७५७, इथून वर वेस्टरकर्कच्या डोंगरात, बाप मेंढपाळ आणि तो मूल काही महिन्यांचं असतानाच वारला. लँगममध्ये गवंडीकाम शिकला आणि पुढे ब्रिटनमधला सगळ्यात मोठा रस्ते-पूल-कालवे बांधणारा इंजिनियर झाला, कॅलिडोनियन कॅनॉल त्याचा, वेल्समधला १८२६ चा मेनाई झुलता पूल त्याचा. गवंडी आपापली खूण दगडावर कोरायचे, तशी त्याची खूण या पुलाच्या दगडांवर आहे असं सांगतात. नदीचं पाणी कमी असेल तर खाली उतरून शोधायचा नाद करता येतो. पूल ओलांडला की न्यू लँगम, आणि इथे तो फूटपट्टीवाला फरक लगेच दिसेल.

टेलफर्ड मेला १८३४ मध्ये, आणि मृत्युपत्रात त्याने लँगम आणि वेस्टरकर्क या दोन्ही ठिकाणच्या लायब्ऱ्यांना हजार-हजार पौंड ठेवले. वेस्टरकर्कची लायब्ररी १७९३ मध्ये डोंगरातल्या अँटिमनीच्या खाणीतल्या कामगारांनी सुरू केलेली. खाणकामगारांनी, अठराव्या शतकात! ती बेंटपाथ गावात अजून आहे. आणि लँगमच्या लायब्ररीचं काय झालं तर एका पोस्टमनचं कुटुंब त्याच इमारतीत राहत होतं, आई लायब्ररीची देखभाल करायची, आणि मुलगा वरची पुस्तकं टोपली भरभरून खाली नेऊन वाचायचा. तो मुलगा म्हणजे ख्रिस्तोफर ग्रीव्ह, जन्म १८९२, पुढे ह्यू मॅकडायरमिड या नावाने विसाव्या शतकातला स्कॉट्स भाषेतला सगळ्यात मोठा कवी. डोंगरात मेंढपाळाचं पोर इंजिनियर होतं, त्याच्या पैशाच्या पुस्तकांवर पोस्टमनचं पोर कवी होतं, एवढी सरळ साखळी मी दुसऱ्या कुठल्या गावात बघितली नाही.

पण गावाने कवीचं कौतुक केलं का, तर तसं नाही. मॅकडायरमिड भांडखोर, कम्युनिस्ट आणि स्कॉटिश राष्ट्रवादी एकाच वेळी, गावातल्या लोकांबद्दलही फटकळ. गावाने त्याला मानद नागरिकत्व वगैरे दिलं नाही. मेल्यावर, १९७८ मध्ये, तो लँगमच्याच स्मशानात आला. त्याचं स्मारक जेक हार्वेने केलेलं, उघड्या पुस्तकाच्या आकाराचं, लोखंड आणि ब्राँझचं, १९८५ मध्ये व्हिटा डोंगरावर उभं राहिलं तेही बरीच वादावादी होऊन. लोकांना कवीबद्दल विचारा, पण थोडं बेतानेच, आणि उत्तर ऐकताना चेहऱ्याकडे बघा.

मानद नागरिकत्वाचा पहिला मान मग मिळाला कुणाला, तर नील आर्मस्ट्राँगला. ११ मार्च १९७२ ला चंद्रावरून आलेला माणूस लँगममध्ये आला, कारण आडनाव. समारंभात त्याला एक चारशे वर्षं जुना, कधीच रद्द न झालेला कायदा वाचून दाखवला की गावात आर्मस्ट्राँग सापडला तर फाशी द्यायची. सगळे हसले, तोही हसला. या गावाचा विनोद हा असा आहे, कोरडा, तोंड सरळ ठेवून केलेला. तुमच्याशी कोणी असं काही बोललं तर दुखावून घेऊ नका, ते आपलेपणाचं लक्षण असतं.

आता धंद्याकडे. नद्या तीन, डोंगरात मेंढ्या, म्हणजे लोकर आणि पाण्यावरची गिरणी हे ठरलेलंच. सुरुवातीला सुतावर काम झालं, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लँगम म्हणजे ट्वीड आणि सुटिंगचं कापड. इथेच १८३७ मध्ये रीड अँड टेलर सुरू झाली. होय, तीच, आपल्या लग्नाच्या सूटवाली, बच्चनच्या जाहिरातीतली. पुढे नाव भारतीय कंपनीने घेतलं, कापड म्हैसूरजवळ विणलं जाऊ लागलं, आणि आपल्याकडे कितीतरी नवरदेव या गावाचं नाव न ऐकता या गावाच्या नावाखाली बोहल्यावर चढले. लँगमची मूळ गिरणी नंतर बंद झाली. एडिनबरा वुलन मिल नावाची जी दुकानं ब्रिटनमध्ये टुरिस्ट जागी जिथेतिथे दिसायची, तीसुद्धा एडिनबराची नव्हे, १९४६ मध्ये लँगममध्ये सुरू झालेली. गिरण्यांच्या इमारती नदीकाठी शोधा, काहींचा वापर बदललाय, काही नुसत्या उभ्या आहेत. गिरणगाव बघितलेल्या माणसाला इथे फार समजवावं लागत नाही.

आता डोंगर चढायचाय. व्हिटा हिल, उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास, गावातून कर्क विंडने सरळ वर वाट जाते, साधारण तास धरा, खाली ओलं असतं त्यामुळे बूट चांगले हवेत आणि वारा कायमचा. चढायचं नसेल तर न्यूकासलटनकडे जाणारा रस्ता डोंगराच्या खांद्यावरून जातो, तिथून थोडं चालून मॅकडायरमिडचं स्मारक आणि पुढे माथा. माथ्यावर शंभर फुटी दगडी खांब आहे, १८३५ चा, कित्येक किलोमीटरवरून दिसतो. तो खांब सर जॉन माल्कमचा.

माल्कम म्हणजे आपला माल्कम. जन्म १७६९, लँगमच्या वरच्या अंगाला बर्नफूट नावाच्या शेतावर, सतरा भावंडं, बाप कर्जात बुडालेला. मुलं खपवायची तर दोनच दारं उघडी, नाविक दल नाहीतर ईस्ट इंडिया कंपनी. जॉनची मुलाखत झाली तेव्हा तो इतका लहान की संचालकाने गंमतीत विचारलं, हैदर अली समोर आला तर काय करशील, तर म्हणे तलवार काढून मुंडकं उडवीन, आणि नोकरी मिळाली, असं सांगतात. १७८३ मध्ये मद्रासला उतरला तेव्हा चौदाही पूर्ण नव्हते. पुढे इराणला वकील म्हणून गेला, १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांच्या फौजेवर चालून जाणाऱ्यांत पुढे होता, आणि जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव अशीरगडाजवळ शरण आला तो याच्याच स्वाधीन. बाजीरावाला वर्षाला आठ लाखांची पेन्शन माल्कमनेच कबूल केली आणि एवढी रक्कम कशाला म्हणून वरिष्ठांची बोलणी खाल्ली. १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर. महाबळेश्वरची जागा साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून खंडाळा गावाच्या बदल्यात घेतली ती याच्या काळात, म्हणून तिथल्या बाजाराचं नाव माल्कम पेठ. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये त्याचा पुतळा आहे, वेस्टमिन्स्टर ॲबीत दुसरा.

तर व्हिटाच्या माथ्यावर उभं राहून मराठी माणसाला जरा विचित्रच वाटतं, ते वाटू द्या. खांबाखाली उभं राहून खालच्या दरीकडे बघितलं की एवढीशी करडी वस्ती, मेंढ्या, पाऊस. इथल्या कर्जबाजारी शेतकऱ्याचं पोर तिकडे जाऊन पेशव्यांची पेन्शन ठरवतं. साम्राज्य म्हटलं की आपल्याला लंडन आठवतं, पण ते चालवायला गेलेली पोरं कितीतरी अशाच गावांतून आलेली होती, ज्यांना घरी जमीन मिळणार नव्हती. त्याचा भाऊ पल्टनी नाविक दलात ॲडमिरल झाला आणि सेंट हेलेनावर नेपोलियनच्या पहाऱ्याच्या काळात तिथल्या आरमाराचा प्रमुख होता, त्याचा पुतळा लायब्ररीच्या बागेत आहे. आणखी एक भाऊ चार्ल्स मुंबईच्या आरमाराचा प्रमुख. खांब मात्र जॉनचाच उंच. गावात त्याला कोणी माल्कम म्हणत नाही, नुसतं 'मॉन्युमेंट', आणि बऱ्याच जणांना हा माणूस कोण होता ते सांगता येत नाही. तुम्ही सांगा, बाजीरावापासून सुरू करा, लोक ऐकतात.

माथ्यावरून पूर्वेला, म्हणजे गावाकडे पाठ करून बघितलं तर टॅरसची दरी आणि मूर, तपकिरी माळ. रीव्हर लपायचे ती दलदल हीच. नंतर हे सगळं बक्लू इस्टेटचं, ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेलं, आणि नव्वदच्या दशकात हेन हॅरियर नावाचा शिकारी पक्षी ग्राउस किती खातो यावर इथे मोठा अभ्यास झाला, तो वाद पक्षीवाल्यांमध्ये अजून पेटलेला असतो. मग इस्टेटने जमीन विकायला काढली. आणि या गिरण्या बंद पडलेल्या गावाने ठरवलं की आपण घेऊ. लोकवर्गणी, देणग्या, सरकारी निधी असं करत मार्च २०२१ मध्ये ५,२०० एकर ३८ लाख पौंडाला घेतली, पुढच्या वर्षी जवळपास तेवढीच आणखी. आता तिथे टॅरस व्हॅली नेचर रिझर्व्ह आहे, मालक गावची संस्था. १७५९ च्या निकालात गावाला मिळालं त्याच्या कित्येक पट गायरान आता गावाचं झालं. ज्या गावाची सगळी ओळखच हद्दीचे दगड तपासण्यात आहे त्यांनी हे केलं यात मला तरी आश्चर्य वाटलं नाही. पक्षी बघायची आवड असेल तर दुर्बीण न्या आणि रानबकऱ्या दिसल्या तर गाडी हळू करा.

लोकांशी बोलायचं कसं, हा शेवटचा भाग. स्कॉटलंडला इंग्लंड म्हणायचं नाही हे सांगायला नकोच, पण बॉर्डरवर आणखी एक आहे, लँगमला हॉइकसारखंच आहे असं म्हणायचं नाही. रग्बीवर बोला, इथला क्लब १८७१ चा, बॉर्डर्समधला सगळ्यात जुना, आणि फुटबॉलपेक्षा इथे तोच विषय चालतो. दुकानात 'एस्कडेल अँड लिडेसडेल ॲडव्हर्टायझर' मिळाला तर घ्या, १८४८ पासूनचा गावचा पेपर, लोक त्याला ई अँड एल म्हणतात, कोण गेलं, कुणाची मेंढी जिंकली, कौन्सिलने काय घोळ घातला, सगळं त्यात. आणि म्हातारी माणसं भेटली तर इतिहास विचारू नका, 'तुमच्या घरात कॉर्नेट कोण झालं होतं का' असं विचारा. तासाभराची निश्चिंती.

वेळ आणि गाडी दोन्ही असेल तर बी ७०९ रस्त्याने वर एस्कडेलम्यूरपर्यंत जा, वाटेत बेंटपाथची लायब्ररी आणि शेवटी डोंगरात अचानक एक तिबेटी बौद्ध मठ, साम्ये लिंग, १९६७ पासूनचा. सोनेरी छपराचा, मेंढ्यांच्या मध्ये. कॉफी मिळते.

हीच पद्धत दुसऱ्या गावांना लावून बघायची तर माझ्या मते पुढचं गाव लॉडर, ए ६८ वर. लहानसं, एकच लांब रस्ता, थर्लस्टेन कासल शेजारी, १६७३ चं क्रॉसच्या आकाराचं चर्च मधोमध. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन इथे १८०४ मध्ये जन्मले. तिथेही आधी गायरान कुठे होतं ते शोधा, मग चर्च. लॉडरचं कॉमन रायडिंग ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी असतं, म्हणजे लँगमच्या लगेच पाठोपाठ, त्यामुळे दोन्ही एका सुट्टीत बसवता येतात, फक्त राहायची खोली फेब्रुवारी-मार्चमध्येच बुक करून ठेवा, रायडिंगच्या वेळी गावाबाहेर गेलेले सगळे घरी परत आलेले असतात आणि सोफासुद्धा रिकामा नसतो.